पंधरा रेघांचं नाणं

नागेशतात्यांनी तीस वर्षं बारामती-इंदापूर गाडीवर कंडक्टरकी केली. गावात, पिंपळीत, त्यांची ख्याती अशी, की सुट्ट्या पैशांवरून त्यांनी ज्यातल्या कोणाला भर रस्त्यात उतरवलं नाही, असं घर शोधून सापडायचं नाही. बाकी राहिलेले पैसे ते तिकिटामागं लिहून द्यायचे. उतरताना माणूस विसरला, तर आठवण करून देण्याच्या भानगडीत कधी पडायचे नाहीत. तात्यांच्या घराचा स्लॅब त्या विसरलेल्या बाकीतून पडलाय, असं अजूनही गल्लीत बोलतात. बोलणाऱ्यांना काय, सिमेंटचा भाव कोण विचारतंय!

त्यांच्या डोळ्यांदेखत चाराणे गेले. आठाणे म्हणायला चालतात, पण दिले तर दुकानदार माणसाकडं वरपासून खालपर्यंत बघतो. पाचाची नोट जाऊन पाचाचं नाणं आलं, दहाची नोट मळून मळून चिंधी झाली आणि तिच्याही जागी नाणं आलं. तोवर तात्या रिटायर झाले होते. मग बायको म्हाळसा गेली. लेक प्रतीक्षा पुण्यात. रविवारी फोन करते, "जेवलात का?" विचारते आणि तात्या काय जेवले ते सांगेपर्यंत तिची लिफ्ट येते.

मोठं घर, पुढं ओटा, ओट्यावर तात्या. रस्त्यानं जाणारा रामराम करायचा, पण त्याचे पाय काही थांबायचे नाहीत. पूर्वी निदान सुट्टे मागायला तरी कोणी यायचं. आता भाजीवाल्याच्या टोपलीलासुद्धा मोबाईलनं पैसे द्यायचं ते काळं-पांढरं चौकोनी चिकटलंय.

अशात गेल्या उन्हाळ्यात गावात उठलं, की दहाचं नाणं बंद झालं. मोबाईलवर आलं होतं म्हणे. नाण्यावर दहा रेघा असतील तर खरं, पंधरा असतील तर खोटं. दुसऱ्या दिवसापासून किराणावाला गेणू घेईना, दूधवाला घेईना, गिरणीवाला तर नाणं दिसलं की पट्टाच थांबवायचा.

तात्या पेन्शन काढायला बारामतीला गेले, तेव्हा त्यांनी बँकेत विचारलं. कॅशियर बाई मान वर न करता म्हणाल्या, "सगळी चालतात. दहा रेघांची पण, पंधराची पण. लोकांना सांगा जरा."

सांगायचं ठरवूनच तात्या घरी आले. तर ओट्यावर गेणू बसलेला, मांडीवर नाण्यांची पिशवी.

"तात्या, तुमी बँकेत जाताय, तुमची वळख हाय. एवढी खपवा की."

तात्यांच्या ओठांवर आलं होतं. पण दीड महिन्यात त्यांच्या ओट्यावर टेकलेला हा पहिला माणूस.

"बघावं लागंल," तात्या म्हणाले. "बस. च्या टाकतो."

गेणू पाऊण तास बसला. सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं, भावकीचं सांगितलं, स्वतःच्या गुडघ्याचं सांगितलं. तात्यांनी नोटा दिल्या, नाणी घेतली. आणि त्या पाऊण तासात तात्यांनीही आपलं सगळं सांगितलं, पण बँकेचं तेवढं राहून गेलं.

मग रीघच लागली. तात्यांनीही ऑफिस थाटल्यासारखं केलं. चष्मा पुसायचा, नाणं खिडकीच्या उजेडाला धरायचं, नखानं एकेक रेघ मोजायची.

"ह्ये पंधराचं हाय. अवघड हाय."

"मग वो?"

"बसा जरा. अशी घाई करून चालत न्हाय यात."

माणूस बसायचा. अवघड नाणं म्हटल्यावर जास्तच वेळ बसायचा. महिनाभरात तात्यांची साखर तीनदा संपली. पेन्शनच्या नोटा संपल्या, डब्यातल्या संपल्या, पलंगाखाली नाण्यांचा डालडाचा डबा भरला. तात्या खुशीत. दाढीसुद्धा रोज व्हायला लागली.

एक बाई तेवढी आली नाही. कोपऱ्यावरची ठमाबाई. चार कोंबड्या, एक शेळी आणि कोणाच्या दारात न जाण्याचा ताठा, एवढ्यावर जगणारी. तिची अंडी दहाच्या नाण्यांवरच खपायची.

एका सकाळी गेणू बशीत चहा ओतता ओतता हसत म्हणाला, "ठमाबाईचं ऐकलं का? काल शेळीच्या दाव्यात पाय अडकून पडली. कपाळाला खोक. म्हातारी म्हंती दावं आडवं आलं. दावं कशाला येतंय! बीपीची गोळी न्हाय पोटात, पाच दिस."

"का? गोळ्या का न्हायत?"

"मेडिकलवाल्या सूरजनं नाणी घेतली न्हायत की. समदी पंधराची निघाली."

"मग माझ्याकडं यायचं हुतं तिनं."

"मी म्हणलो तिला. तर म्हंती, तात्याच म्हणत्यात पंधराचं खोटं हाय. खोटा पैसा घिऊन मी कुणाच्या दारात जायची न्हाय." गेणूनं फुर्रकन चहा ओढला. "म्हातारी लई तिखट."

तात्यांनी आपली बशी तशीच खाली ठेवली. पायात चपला घातल्या, डब्यातली ओंजळभर नाणी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि निघाले. काहीतरी गंमत दिसतेय म्हणून गेणू मागोमाग.

फाट्यावरच्या मेडिकलपुढं पाचसहा गिऱ्हाइकं होती. तात्यांनी काचेवर नाणी ओतली.

"ठमाबाईच्या गोळ्या दे."

"तात्या, तुमी पण? बंद हायत ही," सूरज म्हणाला.

"चालत्यात!" तात्यांचा आवाज गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जायचा तसा गेला. "दहाची चालत्यात, पंधराची चालत्यात. मला बँकेनं सांगितलंय. लाव फोन, इचार."

सूरजनं नाणी ओढून घेतली. गेणू मात्र पुढं आला.

"बँकेनं? कवा सांगितलं?"

तात्यांना ‘काल’ म्हणता आलं असतं. तिथं कोणाला कळणार होतं?

"तू पिशवी घिऊन आलतास ना, त्या दिशी."

"म्हंजे मागल्या महिन्यात?" गेणू बघतच राहिला. "आन रेघा मोजत हुता ते? आमाला उगंच बसवून ठिवत हुता व्हय?"

"व्हय," तात्या म्हणाले.

कोणीतरी हसलं. बाकीच्यांना हसावं की चिडावं, तेच कळेना. गोळ्यांची पुडी घेऊन तात्या त्यांच्यातून वाट काढत बाहेर पडले.

ठमाबाई अंगणात बसली होती, कपाळाला हळद भरलेली. पुडी बघून तिनं कनवटीची गाठ सोडली आणि नाणी मोजून पायरीवर ठेवली.

"बघून घ्या. पंधराची हायत."

"चांगली हायत. माझंच चुकलं हुतं." तात्या घुटमळले. "पाणी आणून दिऊ का, गोळीला?"

"माझं मला घावतं पाणी," ठमाबाई म्हणाली. पण लगेच पुडी फोडून तिनं गोळी जिभेवर ठेवली, तात्यांच्या देखत. मग शेळीकडं तोंड फिरवलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी गेणूच्या गल्ल्यात नाणी खणखणायला लागली, गिरणीवाला घ्यायला लागला. तात्यांवर कोणी राग धरला नाही, उलट दोन दिवस पारावर रेघा मोजायची नक्कल चांगली रंगली. ती बघायला तात्या मात्र नव्हते.

ते ओट्यावर होते, दाढी करून. दहाच्या सुमाराला गेणूची मोटरसायकल वळणावर दिसली. तात्या जरा सरकले, शेजारी जागा झाली. दारासमोर येताच गेणूनं हॉर्न दिला, हात वर केला.

"तात्या, रामराम!"

"रामराम," तात्या म्हणाले. गाडी तोवर पुढच्या वळणावर गेली होती.