अक्काचा पहिला रिपोर्ट

अक्काला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत गर्भ पडला. कंधारला तिच्या सासरी याचं एकच उत्तर होतं: कुणीतरी करणी केलीय. तिसऱ्या खेपेनंतर मी कुणाचं ऐकलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. नांदेडला बीएस्सी केलं, तेही पहिल्या वर्गात. अक्काला घेऊन थेट लातूर गाठलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर नीट समजावून सांगितलं. अँटिबॉडी म्हणजे शरीराची राखण, बाहेरच्या जंतूवर धावून जाणारी. अक्काच्या रक्तात मात्र स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या अँटिबॉडी दिसत होत्या. त्यांच्यामुळे गर्भाला पोसणाऱ्या वारेत रक्ताच्या गुठळ्या होतात, बाळाचं पोषण तुटतं.

“पण एका रिपोर्टवर निदान करत नसतात,” त्या म्हणाल्या. “एखाद्या तापानंतरही या थोडे दिवस दिसतात, मग जातात. बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. तेव्हाही निघाल्या, तरच रोग म्हणायचं. औषध आहे त्याला.”

बारा आठवडे मला कुठला दम निघायला! करणीवाल्यांची तोंडं बंद करणारा कागद हातात होता. पुढच्याच रविवारी कंधारला गेलो आणि ओसरीवर सगळ्यांसमोर रिपोर्ट वाचला. मराठीत, सोपा करून. अक्का दारात उभी होती.

तिच्या सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हंजे हिचंच रगत लेकरं खाऊन राहिलंय.”

“तसं न्हाई मावशी, औषध हाय त्याला...”

“हाव, हाव. इतके दिस आम्ही उगंच लोकायला नावं ठिवली. बरं झालं, शिकल्याल्या पाव्हण्यानंच वाचून दावलं.”

दाजी खाली मान घालून बसले होते. अक्का माझ्याकडं बघत होती, मी अजून काही वाचीन की काय या भीतीनं.

करणी होती तोवर दोष गावात कुणाचा तरी होता. तो मी उचलून तिच्या अंगात नेऊन ठेवला. आठ दिवसांत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. दोन महिन्यांनी कानावर आलं, दाजींसाठी मुलगी बघणं चाललंय.

बारा आठवडे भरल्यावर आम्ही पुन्हा लातूरला गेलो. अँटिबॉडी तेवढ्याच निघाल्या.

“आता निदान पक्कं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना आनंदच झाला होता. “म्हणजे उपाय करता येतो. दिवस गेले की लगेच यायचं. गोळी आणि रोजचं इंजेक्शन. या आजारातल्या पुष्कळ बाया बाळ घेऊन घरी गेल्यात. पुढच्या वेळी मिस्टरांनाही आणा.”

मी खिडकीकडं बघत राहिलो. अक्का “बरं” म्हणाली, आणि गोळी जेवणाआधी घ्यायची का जेवल्यावर, ते तिनं विचारून घेतलं.