लाज, एक ते पाच

तुंबलेल्या मोरीत कोपरापर्यंत हात घालताना पावडरमावशीच्या कपाळावर आठी पडत नाही. आजारी बाईची ओकारी ती गप्पा मारता मारता पुसते. पण वीस वाक्यं आणि प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे छापलेला तो कागद नुसता दिसला तरी तिला मळमळतं. त्या कागदाने तिच्या गल्लीचा घात केला, आणि कागद घेऊन दारोदार फिरली तीच.

पावडरमावशी हे नाव गल्लीनेच ठेवलेलं. याच गल्लीत अठरा वर्षं तिने धंदा केला. मग फरशी बसवणाऱ्या एका भल्या माणसाने तिच्याशी लग्न केलं, आणि ती गल्लीतून उठून एका संस्थेच्या कामाला लागली. काम पुन्हा गल्लीतलंच. एड्सची लागण होऊ नये म्हणून रोज एक घ्यायची गोळी असते, ती बायकांपर्यंत पोचवायची. ही गोळी ज्यांना रोग नाही त्यांनीच घ्यायची. पण तिची बाटली रोग्यांच्या औषधाच्या बाटलीसारखीच दिसते, आणि हलवली की खुळखुळते. ती दिसली की गिऱ्हाईक आल्या पावली परत जातं आणि मालकीण खाट बाहेर काढते. बाई धडधाकट आहे म्हणूनच गोळी घेतेय, हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ आहे? म्हणून मावशीने तोड काढली. चेहऱ्याच्या पावडरचे रिकामे डबे धुऊन वाळवायचे, तळाला कापूस, त्यावर महिन्याच्या गोळ्या, पुन्हा कापूस, सगळ्यात वर पफ. असे बासष्ट डबे ती दर महिन्याला घरपोच द्यायची. बासष्टजणींतली एकही गोळी चुकवत नव्हती.

मग मुख्य कार्यालयातून सर आले. इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ, मावशीशी बोलताना हटकून खुर्ची पुढे करणार, तिच्याबरोबर चहा घेणार. "मावशी, तुम्ही आमचा कणा आहात," असंही म्हणायचे. त्यांना गोळीबद्दलची लाज मोजायची होती. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी खरं. बाईने सांगितलेल्या आकड्याला मावशीने गोल करायचा.

पहिल्याच खोलीत केस विंचरत बसलेल्या बाईने विचारलं, "मावशी, यात जास्त मार्क चांगले का कमी?"

"कमी चांगले की गं," मावशी घाईत म्हणाली. "लाज कमी असलेली बरी, नाही का?"

झालं. दुपारपर्यंत गल्लीभर बातमी: मावशीची परीक्षा आहे, सगळ्यांनी एकच सांगायचं. "तू कशाला घाबरतेस? आम्ही तुला पहिल्या नंबराने पास करतो," बायका तिला म्हणायच्या. मावशीलाही, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. एका खोलीत प्रश्न चालू असताना मालकीण आत डोकावली, तशी त्या बाईने पावडरचा डबा झटकन उशीखाली ढकलला आणि म्हणाली, "लोकांनी पाहिलं तर लाज? छे! एक." मावशीने डबा जाताना पाहिला. तरी एकला गोल केला.

कार्यालयात टाळ्या वाजल्या. या गल्लीतली लाज जवळजवळ संपली, असं सरांनी पडद्यावर दाखवलं. पंधरा दिवसांत पत्र आलं: लाजच उरली नाही, तर डबे कशाला? यापुढे बायकांनी दवाखान्याच्या खिडकीवर येऊन बाटली घेऊन जावी.

पहिल्या महिन्यात बासष्टांतल्या नऊजणीच खिडकीवर गेल्या. खिडकीतला माणूस भर रांगेत ओरडला, "त्या रोगाच्या गोळीवाल्या बाया एका बाजूला उभ्या राहा!" त्या केस विंचरणाऱ्या बाईची बाटली मालकिणीला सापडली. मावशी पोचली तेव्हा तिची खाट रस्त्यावर होती आणि खाटेवर ती, मांडीवर उशी घेऊन. तिने मावशीला एकच विचारलं, "मी बरोबर उत्तरं दिली होती ना गं?"

मावशीला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. गिऱ्हाइकांच्या काळातही नाही.

ती तशीच कार्यालयात गेली. "सर, तो हिशोब खोटा आहे. मीच त्यांना कमी चांगलं म्हणून सांगितलं. डबे सुरू करा. त्रेपन्नजणींच्या गोळ्या बंद पडल्यात."

"मावशी, तुमच्या भावना मी समजू शकतो," सर मऊपणे म्हणाले. "पण फॉर्म बासष्ट आहेत. विरोधात एक तरी फॉर्म दाखवा."

मावशीने टेबलावरच्या कोऱ्या फॉर्मांकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याला तो रोग आहे, हे सहा महिन्यांपूर्वीच निघालं होतं. त्याचं औषध नुकतंच लागू पडत होतं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती स्वतः रोज ती गोळी घेत होती. घरात नणंद होती. तिला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर दोघांची ताटं वेगळी मांडायला तिने संध्याकाळही होऊ दिली नसती. कार्यालयातही कुणाला पत्ता नव्हता.

"द्या कोरा फॉर्म," मावशी म्हणाली. "पेनही द्या."

सरांनी खिशातलं पेन काढून दिलं. तिने वर स्वतःचं नाव लिहिलं. 'मी ही गोळी घेते' यापुढे 'हो' लिहिलं, आणि पाचला गोल करत सुटली. खाली सही केली आणि कागद सरांपुढे सरकवला. सरांनी नाव वाचलं, 'हो' वाचलं. खुर्ची जराशी मागे गेली.

मावशीने पेन पुढे केलं. सरांचा हात टेबलावरून उठला नाही.

"राहू दे. तुमच्याकडेच ठेवा," ते म्हणाले.

तळपायाची आग मस्तकाला गेली तिच्या. गोळी घेणाऱ्याला रोग नसतो, आणि असला तरी पेनाने लागत नाही, हे गल्लीला शिकवणारा हाच माणूस! लोका सांगे ब्रह्मज्ञान.

तिने आणखी एक कोरा फॉर्म ओढला. वर सरांचं नाव घातलं आणि चौदावं वाक्य मोठ्याने वाचलं. "'ही गोळी घेणाऱ्याच्या वस्तूला हात लावायला लोक कचरतात.' बोला सर, एक ते पाच."

सरांनी खुर्ची आणखी मागे घेतली. मावशीने पाचला गोल केला, पेन दोन्ही कागदांवर आडवं ठेवलं आणि निघून आली.

चौथ्या दिवशी संस्थेचा शिपाई पत्र घेऊन मावशीच्या घरी आला: डबे पूर्ववत सुरू करावेत. दार नणंदेने उघडलं. शिपायाने पत्र तिच्या हातात दिलं, आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं ते पेन मात्र उंबऱ्यावर ठेवलं. "वहिनींचं आहे," तो म्हणाला, "हात धुऊन घ्या हं."