मोहाखालचा खांब

मंगळीचा आवाज पाड्यात सगळ्यांत मोठा, आणि तिला त्याची लाज नव्हती. जामसरकडून खोडाळ्याच्या वरच्या अंगाला या पाड्यात नवरी होऊन आली, तेव्हा सासू पोशी म्हणाली होती, "पोरी, हळू बोल, डोंगर ऐकतो." मंगळी म्हणाली, "ऐकू दे, त्याला दुसरं काम काय?" नवरा लाडक्या अबोल, नुसता मुका बैल. त्याच्या वाट्याचंही तीच बोलायची.

पोशी मेली ती सुनेसाठी एक मोहाचं झाड ठेवून. झाड उभं सरकारी जमिनीत, पण आमच्याकडं मोहाला सातबारा लागत नाही. शिमग्याच्या आधी जी बाई झाडाचं बूड झाडून पाला जाळते, जमीन साफ करते, तिची त्या साली फुलं. मंगळीनं त्या बुडावरचा खराटा एक साल चुकवला नव्हता. पावसाळ्यात धान्याची कणगी तळाला गेली की हीच वाळवलेली फुलं उकडून खायची, मोहट्यांचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल काढायचं. झाड म्हणजे घरातलं एक कमावतं माणूस.

दोन हजार नऊच्या मार्चअखेर पाड्यात ट्रॅक्टर आला. त्यात लोखंडी खांब, वर बसवायची काळी काचेची पाटी आणि एक चपटा दिवा. दिव्यात बल्ब नाही, चिंचोक्याएवढे कितीतरी ठिपके. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "एलईडी आहे. पाटी दिवसभर ऊन खाते, रात्री दिवा जळतो. वायर नाही, बिल नाही. एका पाड्याला एकच. जागा दाखवा लवकर, मार्च संपतोय."

झालं, भांडण पेटलं. पाड्याचा पंचायतीतला मेंबर हरेश म्हणाला, "माझ्या दारात लावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल."

"तू दिसशील," वेणू म्हणाली. ही मंगळीची शेजारीण. "विहिरीवर लावा. सांजचं पाणी भरताना कातळावरनं पाय सटकतो बायांचा."

मंगळीनं दोघांना दाबून टाकलं. "मोहाखाली लावा. आता फुलांचे दिस. पहाटं अंधारात आपण फुलं येचतो, हाताखाली फूल हाय का इचू हाय ते कळत नाय. डुकरं तं बाजूला उभी राहून आपल्याआधी चरतात."

त्या माणसानं आधी विहिरीजवळ पहार मारली. खण्ण. कातळ. हरेशच्या दारात मारली, तिथं दगडगोटे. मोहाखाली मारली तर वीतभर आत गेली. त्यानं मान वर करून पाहिलं. झाडावर पान नव्हतं, फांद्या नुसत्या उघड्या. "हे तर वाळलेलंच आहे," तो म्हणाला, "सावलीची अडचण नाही."

मंगळी खो-खो हसली. "वाळल्या झाडाला फुलं लागतात का रं बाबा?" पण तो सिमेंट कालवायला निघून गेला होता. आणि हसण्याच्या भरात तीही पुढचा विचार विसरली. मोहाची आठवण काढली की तिच्या डोळ्यांपुढं फुलांचा, बिनपानांचा मोह यायचा.

महिनाभर मंगळीचं राज्य होतं. खांबाखाली पांढरा उजेड, फुलं मोत्यांसारखी उचलून घ्या. पलीकडच्या पाड्यातल्या बाया बघायला आल्या, त्यांना ती खांब असा दाखवायची जसा घरचा जावई. मग फुलं सरली आणि झाडाला तांबूस पालवी फुटली. पालवीची पानं झाली, पानं हाताएवढी झाली, काळ्या पाटीवर सावली पडली. दिवा आधी अर्ध्या रात्रीत विझायचा, मग जेवणवेळेलाच. वैशाख सरता सरता तो पेटेनासा झाला.

हरेश येता-जाता विचारायचा, "काकी, तुझा उजेड कुठं गेला गं? माहेरी गेला काय?"

"तुझ्या दारात रडत बसला असंल, बघ जा," ती म्हणायची. पण एका सांजेला वेणू विहिरीवर घसरून पडली, हंडा चेपला, घोटा सुजला. मंगळीनं तिला पाठुंगळी घेऊन घरी आणलं. पाड्यानं तेही बघितलं.

हरेशनं तालुक्याला तक्रार केली. जीपमधून एक साहेब आले. खांबाभोवती एक फेरी मारली, वर पाहिलं आणि म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. दोष झाडाचा आहे. झाड तोडा."

"आख्खं?" मंगळीनं विचारलं.

"मग काय अर्धं? अहो बाई, एवढं रान पडलंय. एक मोह गेला तर काय होतं?"

मंगळीनं पदर खोचला. "साहेब, गेल्या साली ह्याच झाडाची वाळकी फांदी म्या चुलीला नेली, तं जंगलाच्या गार्डानं माझा कोयता नेला. अजून दिला नाय. आता तुम्ही म्हणता आख्खं झाड तोड. तुम्ही दोघं एकदा एका जागी बसा, काय ते ठरवा, मंग मना सांगा."

लोक हसले. साहेबांना ते आवडलं नाही.

"खांबच हलवा ना मंग," ती म्हणाली.

"सरकारी खांब असा हलवता येत नाही. हात लावाल तर गुन्हा होईल." जीपमध्ये बसताना ते हरेशला म्हणाले, "या लोकांना सुधारणा नकोच असते." हळू नाही म्हणाले. मंगळी तिथंच उभी होती. झाडासमोर बोलावं तसं तिच्या तोंडावर म्हणून गेले.

तिच्या अंगाची लाही झाली. सुधारणा नको? ह्या खांबासाठी ती अख्ख्या पाड्याशी भांडली होती. झाडाला वाळलेलं म्हणणारा तो माणूस कुठं गेला, त्याला कोणी विचारलं? त्याला मार्च गाठायचा होता, मऊ माती पाहिजे होती. आणि भरायचं कुणी, तर पोशीच्या मोहानं. तिनं हे सगळं चुलीपुढं बसून मोठ्यानं म्हटलं, भाकर थापत, भाकरीला चांगलं बडवत. लाडक्या ऐकत होता. हरेश रविवारी कुऱ्हाडी घेऊन येणार असं पाड्यात ठरलं होतं.

लाडक्या म्हणाला, "जागा तूच दाखवलीस."

वर्षातनं एकदा बोलायचा तो माणूस, आणि बोलला तर हे. मंगळीनं भाकर तव्यावर टाकली, ती करपली तरी उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहार आणि लाकडांची मोळी घेऊन विहिरीवर गेली. कातळावर लाकडं रचून पेटवली, जाळ चांगला धगधगू दिला, आणि निखारे सारून वर हंडाभर पाणी ओतलं. कातळ तडकला. तडकलेली कपची तिनं पहारीनं उचकटली आणि पुन्हा लाकडं रचली. विहिरीचे वरचे दगड बाप-आज्यांनी असेच काढले होते.

हरेश आला. "काकी, कातळ शिजायला ठेवलास काय?"

"हो. शिजला की पहिला तुला वाढते."

"साहेब गुन्हा म्हणालेत."

"माझं नाव सांग. आडनावासकट सांग."

दुपारी वेणू लंगडत आली आणि छिन्नी घेऊन बसली. मंगळीनं तिच्याकडं बघितलं नाही, फक्त पाण्याचा तांब्या तिच्या बाजूला सरकवला. संध्याकाळपर्यंत बाया जमल्या, लाकडं आणायला, पाणी ओतायला. रविवारी हरेश कुऱ्हाड घेऊन आला खरा, पण खड्डा कमरेएवढा झाला होता, आणि सगळा पाडा विहिरीवर असताना एकट्यानं झाड तोडायला त्याला बरं वाटेना. खांबाचं सिमेंट फोडायला त्याची कुऱ्हाड कामाची नव्हती, म्हणून तो घरून घण घेऊन आला. गड्यांनी खांब लग्नातल्या मांडवाच्या मेढीसारखा खांद्यावर घेतला आणि विहिरीवर रोवला. चार दिवसांत पाऊस लागला. तो उघडला तसा दिवा लागायला लागला.

दिवाळीनंतर तेच साहेब आले, बरोबर कंत्राटदाराचा तोच माणूस आणि एक फोटोवाला. मंगळी पुढं झाली. गुन्हा काय तो आपल्या अंगावर घ्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. पण गुन्ह्याचं कोणी नावच काढेना. साहेब खांबावर थाप मारून म्हणाले, "योग्य जागी बसवलाय. शाबास." ही शाबासकी कंत्राटदाराच्या माणसाला होती. त्यानं मान लववून घेतली आणि खांबाला, छातीच्या उंचीवर, कंत्राटदाराच्या नावाची पत्र्याची पाटी तारेनं बांधली.

"म्या शिजवलाय तो कातळ," मंगळी म्हणाली. कोणी ऐकलं नाही. डोंगराला ऐकू जाईल एवढ्यानं तिनं पुन्हा सांगितलं.

"हो हो, आजी," फोटोवाला म्हणाला, "तुम्ही पण या फोटोत. लाभार्थी म्हणून. जरा हसा."

"हसायचं तुमच्या कंत्राटात असंल. माझ्या नाय."

ती घरी गेली, पहार घेऊन आली आणि खांबाला पाठ लावून उभी राहिली, पत्र्याच्या पाटीच्या बरोबर पुढं.

"आजी, थोडं बाजूला. नाव झाकलं जातंय."

मंगळी हलली नाही. दिवस कलायला लागला, साहेबांना जव्हारला पोचायचं होतं. शेवटी फोटोवाल्यानं तसाच फोटो काढला.