यात्रेला गेलेली सून

रचना आणि नागेंद्र भांडले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. ते भांडले नाहीत. त्याचाच सगळ्यांना राग आला.

सदलग्याला, रचनाच्या माहेरी, तिच्या वडिलांनी, म्हणजे भरमू आप्पांनी, तिला समोर बसवून विचारलं होतं. मी तिथेच होते, तिची मैत्रीण म्हणून आधाराला गेले होते.

"मारतो?"

"न्हाय."

"पितो?"

"न्हाय."

"बाहेर कुणी हाय?"

"न्हाय, आप्पा."

"मग सोडतीस कशाला? येड लागलंय व्हय?"

रचना म्हणाली, "आमचं जमत न्हाय. त्यांचंबी तेच म्हणणं हाय."

आप्पांनी चहाची कपबशी भिंतीवर मारली. चहा कॅलेंडरवरून खाली ओघळला. "त्याचंबी तेच म्हणणं! लाज हाय का? दोघांचं एवढं एकमत हाय तर नांदा की!"

मी साहित्य शिकले. वर्गात पाच वर्षं माणसांच्या स्वभावांवर टिपणं काढली. मी खाली वाकून कपबशीचे तुकडे गोळा केले.

रचना निपाणीत एका खासगी लॅबमध्ये रक्त काढते. तंबाखूच्या वखारीतल्या बायका तिच्याकडेच हात पुढे करतात. दुसरं कुणी सुई घेऊन आलं की म्हणतात, ती सदलग्याची पोरगी येऊ दे, आम्ही थांबतो. ती शीर शोधताना बोलत नाही. बोटाने चाचपते, मान हलवते, सुई आत. तिच्या सगळ्याच गोष्टी अशा आहेत. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. मी रडले की ती पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि आपलं पुस्तक वाचायची.

लग्न घरच्यांनी ठरवलं. नागेंद्र कंग्राळीचा. घरची थोडी शेती, नोकरी बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात, मशीनवर. सरळ माणूस. चार वर्षं दोघं एका घरात राहिले. एकमेकांचा राग त्यांना कधी आला नाही. दुसरंही काही आलं नाही. एका रविवारी शेताच्या बांधावर बसून नागेंद्र म्हणाला, "रचना, आपण उगंच बसलोय काय?" ती म्हणाली, "व्हय." एवढंच. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, पुढे? ती म्हणाली, पुढे काय, भुईमूग उपटायचा होता, उपटला.

वकिलाकडे ते एकदाच गेले. भरमू आप्पांच्या ओळखीचे, चिकोडीचे. वकिलांनी दोघांना एकत्र बघून आधी चष्मा काढला. मग नागेंद्रला बाहेर थांबायला सांगितलं. दार लावून रचनाला म्हणाले, "छळ लिहू. सासूचं नाव पहिलं घालू. सासू आली की सगळे लगेच वळणावर येतात."

"सासूनं छळ केला न्हाय."

"बोलून दाखवत नसंल?"

"ते दाखवते. रोज दाखवते."

"मग झालं की!"

"बोलणं वेगळं, छळ वेगळा," ती म्हणाली आणि उठली. वकील मागून म्हणाले, असल्या भोळेपणाने काही होत नाही, परत याल. आप्पा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

बेळगावच्या कोर्टाच्या आवारात मोफत कायदा सल्ल्याची खोली आहे. तिथल्या बाईंनी त्यांना कन्नडमध्ये समजावलं. दोघं राजी असतील तर वकील लागतोच असं नाही. वर्षभर नवरा-बायकोसारखं न राहता वेगळं राहा. मग दोघांनी मिळून एक अर्ज करा. त्यानंतर सहा महिन्यांनी परत या. तोवर मन बदललं तर अर्ज मागे. नाही बदललं तर मोकळे.

रचना निपाणीला भाड्याच्या खोलीत आली. दिवाळी नुकतीच झाली होती. कपाळावरची टिकली, गळ्यातलं, सगळं तसंच अंगावर ठेवून आली. म्हणाली, कागद होईपर्यंत आहे ते आहे.

आणि त्या वर्षी कंग्राळीत लक्ष्मीची यात्रा आली.

आमच्याकडे ज्याने गावची यात्रा पाहिली आहे त्याला सांगायला नको. अठरा-वीस वर्षांनी एकदा येते. घरं रंगवतात. देवी देवळातून बाहेर येऊन मंडपात बसते. नऊ दिवस प्रत्येक घरात पाहुण्यांच्या पंगती उठतात. लेकी येतात, जावई येतात, जावयाचे मित्र येतात. आणि दारात सून उभी राहून 'या' म्हणते. ज्या घरात सून असून दारात दिसत नाही, त्या घराची चर्चा पुढच्या यात्रेपर्यंत चालते.

अंबुबाईंचा फोन आला. नागेंद्रची आई. नवरा वारल्यापासून त्यांनी पोरगं आणि शेत दोन्ही एकटीने सांभाळलं. बोलणं तिखट. फोन रचनाने स्पीकरवर ठेवला होता.

"ये म्हणून सांगत न्हाय मी. तुझं तोंड बघायची मला हौस न्हाय. पण गाव विचारणार, सून कुठाय. मी काय सांगू? निपाणीत रगत काढत बसलीया?"

"येतो, आत्या."

"यायचं तर सगळे दिवस यायचं. एक दिवस मिरवून जायचं न्हाय."

"व्हय."

मी म्हटलं, "तू वेडी आहेस का? घटस्फोट घेतीयस आणि यात्रेला सून म्हणून उभी राहणार?"

ती म्हणाली, "अठरा वर्षांनी येती यात्रा. म्हातारी एकटी किती जणांना वाढंल?"

मी एक दिवस जेवायला गेले होते. अंगणात पत्र्याचा मांडव. रचना दारात उभी. हिरव्या बांगड्या, केसांत पिवळा भंडारा. अंबुबाई तिच्या मागे मागे. भाकरी जाड झाली. पाणी कमी पडलं. पाहुण्यांना बघून हसत नाहीस, तोंडात काय धरलंयस. जाता जाता मला म्हणाल्या, "तू व्हय तिची मैत्रीण? तूच शिकवलं असशील हे कोर्टाचं. लई शिकलीयास म्हणं." मी ताटाकडे पाहिलं. नागेंद्रचे काका मारुतीराव मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढत फिरत होते. त्यांनी नागेंद्रला ओढून रचनाशेजारी उभं केलं. "हसा रं! जोडा कसा शोभतोय!" दोघं हसले. हसा म्हटलं होतं म्हणून.

दिवाळीनंतर वर्ष पूर्ण झालं. दोघांनी बसस्टँडजवळच्या हॉटेलात बसून अर्ज लिहिला. हॉटेलवाल्याला वाटलं मुलगी बघायचा कार्यक्रम आहे. त्याने शिरा फुकट दिला.

कोर्टाने आधी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिथे दोन्हीकडचे वडीलधारे आले. कुणी बोलावलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर एका टोकाला भरमू आप्पा, दुसऱ्या टोकाला मारुतीराव. अंबुबाई खाली फरशीवर, भिंतीला टेकून. नागेंद्र आणि रचना एकाच मोटारसायकलवरून आले. ती निपाणीहून बसने आली होती, त्याने स्टँडवरून आणलं.

"बघा," मारुतीराव म्हणाले. "एका गाडीवरनं घटस्फोटाला. तमाशा हाय."

"तुमच्या घरात नांदली त्याचाच तमाशा झाला," आप्पा म्हणाले.

"तुमच्या पोरीला नांदता येत न्हाय त्याला आम्ही काय करू?"

"तोंड सांभाळा, पावणं!"

"पावणं कोण? अजून दोन तारखांनी तुम्ही कोण न् आम्ही कोण!"

शिपायाने दोघांना गप्प केलं. आप्पांनी रचनाला कोपऱ्यात नेलं. मी जवळच होते. "आज हे फिसकटलं, तर मी उद्या चिकोडीला जातो. वकिलाला छळाचं सगळं तयार ठेवायला सांगितलंय. म्हातारीला आत घालतो का न्हाय बघ."

"आप्पा, नको."

"तुझं ऐकून झालं."

रचना तडक वळली. ती नागेंद्रजवळ जाऊन म्हणाली, "आजच व्हायला पाहिजे." त्याने मान हलवली.

बाईंनी सगळ्यांनाच आत घेतलं, मलाही. त्यांनी दोघांना विचारलं, वर्षभर वेगळे होतात? दोघं म्हणाले, हो. मग मारुतीरावांनी मोबाईल टेबलावर ठेवला.

"हे बघा, म्याडम. वेगळे म्हणं! यात्रेत नऊ दिवस आमच्या घरात. हिरव्या बांगड्या. शेजारी नवरा. हसत्यात दोघं."

बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. "हे खरं आहे?"

"व्हय," रचना म्हणाली.

"हे अडचणीचं आहे. या दिवसांत तुम्ही नवरा-बायको म्हणून राहिला असाल तर वर्ष तिथून परत मोजावं लागेल. अर्ज परत जाईल."

"आम्ही तसं राहिलो न्हाय," नागेंद्र म्हणाला.

"म्हणणारच की!" मारुतीराव टाळी दिल्यासारखे हसले. "दोघांचं ठरलेलं हाय सगळं. तिसऱ्या कुणाचा शब्द आणा."

आप्पा उठून उभे राहिले. फोन हातात. "झालं? मिटलं? मी निघालो चिकोडीला."

"बसा, भरमू आप्पा," नागेंद्र म्हणाला.

"तू मला बस म्हणू नको!"

तेव्हा अंबुबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कष्टाने. शिपायाने अडवलं तरी त्या टेबलापर्यंत आल्या. बोट रचनाकडे.

"बाई, तुम्ही हिला काय विचारताय? मला विचारा. मी सांगतो कसली सून हाय ती. नऊ दिवस घरात होती. एक दिवस वर खोलीकडं वळली न्हाय! रोज राती स्वयंपाकघरात, माझ्या चटईवर, माझ्या बाजूला. मी किती सांगितलं, जा गं, पावण्यांत बरं दिसत न्हाय. तर म्हणती, आत्या, मला हितंच बरं. त्याला एकदा पाण्याचा तांब्या नेऊन दिला न्हाय!"

"वैनी," मारुतीराव म्हणाले.

"तुम्ही गप बसा, भावजी! आणि माझं पोरगं? ते मंडपात जाऊन झोपायचं, तरण्या पोरांच्यात! पावणी विचारायची, नागेंद्र कुठाय, तर मी तोंड लपवायचो. असं असतं व्हय बायकोचं वागणं? दारात उभी राहिली म्हणजे सून झाली?"

"वैनी, गप बसा की!"

"का गप? खरं हाय ते सांगणार! ही त्या दिवसांत त्याची बायको नव्हती. पावणी होती, पावणी!"

बाईंनी पेन उचललं. "म्हणजे ते दोघं त्या दिवसांतही वेगळेच राहिले."

"वेगळे न्हाय तर काय! मी साक्षीला हाय!"

बाई लिहीत होत्या. मारुतीरावांनी मोबाईल उचलून खिशात टाकला. अंबुबाईंचं बोट अजून हवेत होतं. ते हळूहळू खाली आलं.

"काय लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलं तेच, अक्का."

बाहेर आल्यावर आप्पा आणि मारुतीराव बाकावर पहिल्यांदा शेजारी शेजारी बसले. आप्पा म्हणाले, "म्हातारीनं वाट लावली." मारुतीराव म्हणाले, "व्हय." एवढ्यावर त्यांचं पटलं.

अंबुबाई जिन्याजवळ रचनाला अडवून उभ्या होत्या.

"तू मला बोलतं केलंस."

"मी गप्पच होतो, आत्या."

"गप होतीस म्हणूनच," त्या म्हणाल्या. "घरातबी तसंच. तू गप, मी बडबड. गावाला मीच वाईट दिसलो."

अर्ज पुढे गेला. चिकोडीचं आप्पांचं काम तिथेच थांबलं. सहा महिन्यांनी न्यायाधीशांनी दोघांना पुन्हा विचारलं, दोघांनी पुन्हा होय म्हटलं, आणि झालं. इतक्या कमी शब्दांत संपेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी अंबुबाई आणि मारुतीरावही आले होते. का, ते कुणी विचारलं नाही. अंबुबाई त्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या. रचना त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पाय आखडून लुगड्यात घेतले.

"पाया कुणाच्या पडतीस? मी तुझी कोण?"

रचना वाकलेलीच होती. जिथे पाय होते तिथल्या फरशीला तिने हात लावला. हात कपाळाला नेला आणि सरळ झाली. अंबुबाई दुसरीकडे बघत राहिल्या.

खाली आवारात नागेंद्रने गाडी चालू केली.

"स्टँडला सोडू?"

"सोडा."

ती मागे बसली. पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली, नेहमी ठेवायची तशी. मी पायरीवर उभी होते. शेजारी मारुतीराव आले. "बघा! बघा! कागद झाला तरी एका गाडीवर!" त्यांनी खिशातून मोबाईल काढला, गाडीवर धरला, फोटो काढला.

आता हा फोटो ते कुणाला दाखवणार होते, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. ते मोबाईलकडे बघत तिथेच उभे राहिले. गाडी फाटकातून बाहेर पडली होती.