आत्याचं बोलणं एका फायलीत

घरचे तिला खटपटी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. टायरच्या दुकानावरच्या खोलीत बसून ती दुकानदारांना बिलांचे, वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहून देई. खाली घण पडला की वर कपातला चहा थरथरायचा. बाईची बोटं मात्र चालूच. जेवण वेळेवर, झोप गाढ, आणखी काय लागतं?

तिच्या आत्याच्या तोंडाचा पट्टा अख्ख्या गल्लीला ठाऊक. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज कायमचा जाणार, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा खटपटीनं तिला आधीच माइकपुढं बसवलं. ‘पाणी द्या’, ‘दुखतंय’ एवढ्यावर आत्या थांबेल असं वाटलं होतं. कुठली थांबतेय! ‘पाय पुसून या’, ‘अहो, कान आहेत की भोकं?’ असं पोतंभर बोलणं जमलं. एकेका वाक्याला एकेक चित्र. चित्राला बोट लावलं की वाक्य ऐकू यायचं. खोलीवर सगळं झकास चाललं.

ऑपरेशन होऊन आत्या घरी आल्यावर खटपटीनं प्रोग्रॅम नेऊन तिथल्या टचस्क्रीनच्या कॉम्प्युटरवर टाकला. चित्रांच्या जागी नुसत्या कोऱ्या चौकटी. आत्यानं एकीवर बोट टेकवलं, मग दुसरीवर. चिडीचूप.

“लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घरातलं घड्याळ ऐकू आलं बघ,” आतोबा म्हणाले.

आत्यानं डोळेसुद्धा वटारले नाहीत. भिंतीकडं तोंड करून बसली.

“माझंच चुकलं,” खटपटी म्हणाली. “आवाज नि चित्रं कुठल्या फोल्डरात आहेत, तेवढा पत्ता प्रोग्रॅमला दिला. फोल्डर राहिलं माझ्या कॉम्प्युटरवर. आता आणून ठेवते इथं.”

“ठेवशील गं, पण माझ्या हाताला खाज. कॉम्प्युटरवर नको ते दिसलं की मी उडवतो.”

“मग सुटं काही ठेवायचंच नाही.”

खोलीवर येऊन तिनं सगळे आवाज, सगळी चित्रं प्रोग्रॅमच्या पोटातच बांधून नव्यानं कंपाइल केलं. एकच फाइल झाली, पण म्हशीएवढी. या खेपेला ती आधी खाली टायरवाल्याच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिली. तिथं तिचं दुसरं काहीच नव्हतं.

“अहो, कान आहेत की भोकं?”

“कोणाला गं?” टायरवाला पान्यासकट उठला.

चाललं म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी आत्यानं बोट लावलं आणि आतोबांचा उंबऱ्यात टाकलेला पाय मागं गेला. त्यांनी पाय पुसले. आत्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा पुसले. आत्याचे खांदे हसून हसून हलायला लागले.

खटपटी निघाली तेव्हा आतोबा जिन्यापर्यंत आले. हळूच म्हणाले, “यात आवाज बंद करायची सोय आहे का?”

“आहे की. का?”

“काढून टाक. आवरता आवरता माझा हात लागायचा.”

खटपटी पायताण काढून परत आत गेली.