मधल्या गोष्टीची चिठ्ठी

लखनौच्या चौकात जुने व्हिडिओ गेम विकणाऱ्या एका दुकानदाराशी मी पाच वर्षं घासाघीस करतोय. माझा आवाज दरवेळी चढतो, त्याचा कधीच नाही. गेमची डबी देण्याआधी तो ती कुर्त्याला पुसतो आणि ‘हुज़ूर’ म्हणतो, त्यामुळे भांडण रंगतच नाही.

परवा मात्र मी पेटलोच होतो. त्याच्याकडून घेतलेल्या एका गेमच्या दुसऱ्या भागात नायकाची बहीण चांगली धडधाकट होती; तिसरा सुरू झाला तो तिच्या कबरीपाशी. ती कशी मेली, ते म्हणे वेगळ्या कादंबरीत, आणि तीही याच्याच दुकानात विकायला!

“दाम पूरा और कहानी आधी?” मी डबी काउंटरवर आपटली.

“हुज़ूर ने डिब्बा ठीक से देखा नहीं।”

आत घडी घातलेला कागद होता. कादंबरी वाचून त्याने बहिणीची हकिगत सुबक अक्षरात लिहून काढली होती. अशी चिठ्ठी तो या तिसऱ्या भागाच्या प्रत्येक डबीत ठेवायचा. मी ती उभ्याउभ्या दोनदा वाचली.

“फिर किताब कौन ख़रीदेगा?” माझ्यातला व्यापारी बोललाच.

“जिसे बहन याद आएगी।”

गोष्ट गेममध्येच हवी, हा माझा राग अजून तसाच आहे. पण ती कादंबरी मी घेतली, त्याने सांगितलेल्या किमतीला.