माग थांबवून ऐकलेली फायनल

आमच्या घरात देवांच्या जोडीला फुटबॉल होता. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "पवनीत?" हो, भंडाऱ्याजवळच्या पवनीतच. विणकरांच्या आळीत, जिथे पोरं भिंतीवर कोळशाने स्टंप काढून क्रिकेट खेळायची, तिथे एक माणूस फुटबॉलवर जीव टाकायचा आणि तो माझा बाप होता. तरुणपणी बाबा चार वर्षं नागपूरच्या एका मिलमध्ये कामाला होते. ड्युटी सुटली की मिलच्या पोरांबरोबर अनवाणी खेळायचे. मिलचं काम गेलं, बाबा गावी येऊन पुन्हा हातमागावर बसले, पण डोक्यातला बॉल काही थांबला नाही.

मला फुटबॉल त्यांनी मागावरच शिकवला. मी खाली बसून कांड्यांवर सूत भरायचे आणि ते वरून सांगायचे, "हा धोटा पाह्य न पोरी, इकडून टाकला, तिकडं हातात गेला. पास असाच पाहिजे. हवेत नाही, सरळ." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन उभ्या धाग्यांच्या ताण्यातून पळणारं लाकडी होडकं. त्यामुळे मला आजही टीव्हीवर चांगला पास दिसला की आधी खट्ट असा आवाज ऐकू येतो.

आपला देश फुटबॉलमध्ये हरतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले. बाबांना ते मान्यच नव्हतं. "हरते म्हणून काय सोडून द्याचं?" ते म्हणायचे. "आपल्या पोरायले कप उचलताना पाहिल्याबिगर मी काही जात नाही." आई म्हणायची, मग तुम्ही शंभर वर्षं जगता.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. बाबा करवतकाठी साडी विणायचे. तिच्या काठाला करवतीसारखे दात असतात आणि त्यासाठी एकाच वेळी तीन धोटे सांभाळावे लागतात. एक धागा चुकला की दात वाकडा. त्या वर्षी बाबांचे दात वाकडे पडायला लागले. व्यापाऱ्याने दोन साड्या परत केल्या. तिसऱ्यांदा बाबांनी स्वतःच मागावरून उठून माझ्याकडची कांडी हातात घेतली आणि म्हणाले, "तू बस वर." तीस वर्षं काठ विणलेला माणूस खाली बसून कांड्या भरतोय, हे मला बघवेना. मी हट्टाला पेटले आणि ऑगस्टमध्ये त्यांना भंडाऱ्याच्या नेत्रशिबिरात नेऊन एका डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं.

डॉक्टरांनी नियमांची यादीच दिली. सात दिवस पट्टी काढायची नाही, टीव्ही नाही, वाकायचं नाही, मान झटकायची नाही, ओरडायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. "आत भिंग बसवलंय," ते म्हणाले, "धक्का लागला तर सगळं वाया." दुसऱ्या डोळ्याने बाबांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा. म्हणजे हा डोळा गेला तर काठही गेला, मागही गेला.

आणि त्याच आठवड्यात, दिल्लीत चाललेल्या आंतरराष्ट्रीय कपमध्ये, भारत फायनलला पोचला. समोर सिरिया. याच सिरियाने साखळीत आपल्याला हरवलं होतं.

"टीव्ही नाही," आई म्हणाली.

"पाहाची मनाई हाय," बाबा म्हणाले. "आयकाची नाही. पोरगी पाह्यल, मी आयकन."

"आन् जोशात उठून बसले त?"

"बांधून ठेव मले."

आईने खरंच बांधलं. संध्याकाळी त्यांना लाकडी खुर्चीत बसवलं, मानेमागे उशी ठेवली आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो खुर्चीच्या पाठीला गाठ मारून टाकला. ज्या माणसाने आयुष्यात आईचं एक ऐकलं नाही, तो त्या संध्याकाळी सगळं ऐकत होता.

लाइटचा प्रश्न मी दुपारीच सोडवला होता. त्या वर्षी आमच्याकडे सहा ते नऊ लोडशेडिंग असायचं. मी सायकलवर मंडपवाल्याकडे गेले आणि बॅटरी-इन्व्हर्टर मागितलं. "कोणाचं लगन हाय?" त्याने विचारलं. "भारताची फायनल हाय." तो म्हणाला, "आज त क्रिकेट नाही." मी त्याच्याशी वाद घातला नाही. बॅटरी कॅरिअरला बांधली आणि चालत घरी आणली.

तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. हातमागाला लाइट लागत नाही. सणासुदीचा माल द्यायचा होता, त्यामुळे अख्खी आळी कंदील लावून विणत बसली होती. दहा-बारा मागांची खटखट, त्यातला एक तर आमच्या भिंतीला लागून. आमच्या टीव्हीचा स्पीकर फाटका, आवाज वाढवला की नुसता घरघरायचा. बाबांचा चेहरा रडवेला झाला. "पोरी, लोकायचा आवाजच नाही येऊन राहिला," ते म्हणाले. त्यांना कॉमेंट्री नकोच होती, ती इंग्रजीत होती. त्यांना स्टेडियमचा आवाज हवा होता. तो नसेल तर मी काहीही सांगितलं तरी त्यांच्या दृष्टीने ते फक्त माझं बोलणं होतं.

मी उठले आणि घराघरात गेले. आता फुटबॉलसाठी माग थांबवा असं कुठल्या तोंडाने सांगणार? पोटावर पाय येतो त्यांच्या. म्हणून मी फक्त एवढंच म्हणाले, "काका, दोन घंटे माग थांबवा न. बाबाले शांतता पाहिजे." कुणी काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि धोटा खाली ठेवला. शेजारच्या काकूने तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, काय चांगली माणसं आहेत!

चांगली होतीच. पण आमच्या आळीत अवेळी सगळे माग एकदम बंद पडले तर त्याचा एकच अर्थ होतो. आळीत कुणीतरी गेलं. मयत उठेपर्यंत कुणी धोट्याला हात लावत नाही. ही रीत मला पाळण्यातल्यापासून ठाऊक होती. त्या दिवशी ती माझ्या डोक्यातून पार गेली.

मॅच सुरू झाली. मी बाबांच्या कानाशी बसून सांगत होते. "डावीकडून धोटा टाकला. मंधात घेतला. आता उजवीकडं. हुकला, हुकला, तेयनं घेतला." बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर धोट्यासारखी इकडून तिकडे धावत होती. हाफटाइमच्या जरासं आधी आपल्या पोराने बॉल जाळ्यात मारला आणि त्या शांत आळीत दिल्लीच्या स्टेडियमचा आवाज असा काही घुमला की मला सांगायची गरजच पडली नाही. बाबांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण तोंडातून शब्द नाही. दात आवळून ते नुसते श्वास घेत राहिले.

दुसऱ्या हाफमध्ये सिरिया अंगावर धावून आली. मी ओढणी तोंडात धरून सांगत होते. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. पलीकडच्या आळीतले एक काका, खांद्यावर पांढरा दुपट्टा, चेहरा पडलेला.

"केव्हा झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

माझी नजर टीव्हीवर. "हाफटाइमच्या आधी," मी म्हणाले.

त्यांनी आत पाहिलं. टीव्हीच्या निळ्या उजेडात, डोकं बांधलेला, डोळ्यावर पट्टी, काडीइतकाही न हलणारा माझा बाप. काकांनी हात जोडले. त्यांच्या मागे आणखी चार जण होते, चपला काढून उभे.

"बसा न बे," बाबा म्हणाले. "दहा मिनिटं राहिले."

काका दोन पावलं मागे सरकून मागच्यावर आदळले. काय घोटाळा झाला ते मला त्या क्षणी कळलं. पण खरं सांगते, मी उठले नाही. एक-शून्य होतं. मी तिथूनच ओरडून सांगितलं की कुणी गेलं नाही, भारत जिंकतोय, आत या आणि गप बसा. एका विणकर बाईने मयतीला आलेल्या माणसांना असं सांगितल्याचं आमच्या आळीत पूर्वी कधी घडलं नसेल. पण ते आले. पाचाचे पंधरा झाले.

कोपऱ्यावरून हंबरडा ऐकू आला तेव्हा तीन-चार मिनिटं उरली होती. कुणीतरी कोंढ्याला, आत्याच्या गावी, फोन लावून मोकळं झालं होतं. माझी आत्या कालच भावाला राखी बांधून गेली होती आणि आता मिळेल ती जीप करून आली होती. "माह्या भाऊ रे! काल हसून बोलला रे!" आता ती आत शिरणार, भावाच्या छातीवर पडणार आणि त्याला गदागदा हलवणार. ते भिंग! मी बाबांचा हात सोडला आणि दारात दोन्ही हात पसरून गोलकीपरसारखी उभी राहिले.

"आत्या, जित्ते हायेत! हात नको लावू! डोळा हाय!"

आत्या माझ्यावर येऊन आदळली. दोन बायांचं वजन होतं तिच्यात त्या वेळी, दुःखाचं धरून. मी दाराची चौकट धरून ठेवली. आई मागून आली, तिने आत्याच्या कमरेला मिठी मारली. आणि आमची झटापट चालली असताना मागून बाबांचा आवाज आला, अगदी हळू, जबडा न हलवता.

"काय होऊन राहिलं? सांग न कोणी!"

मी सांगू शकत नव्हते. तेव्हा मयतीला आलेला तो काका बोलायला लागला. जन्मात ज्याने फुटबॉल पाहिला नव्हता तो. "लालवाला येऊन राहिला, भाऊ. येऊन राहिला. आपल्या निळ्यानं... हाणला बाहेर!" मग दुसरा. "पुन्हा आला. कोपऱ्यातून उडवला. अरे बापा! आपल्यावाल्यानं हातात धरला!" पंधरा जण एकदम सांगायला लागले, एकमेकांचं तोडून, चुकीचं, उलटसुलट. बाबांची बोटं त्या सगळ्यांच्या मागे धावत होती. आत्या रडता रडता थांबली आणि माझ्या खांद्यावरून टीव्हीकडे पाहायला लागली. "कोणता आपला हाय वो?" तिने आईला विचारलं.

शिट्टी वाजली.

आमचं दहा बाय बाराचं घर त्या आवाजाने फुटलं नाही हे नशीब. बाबा मात्र ताठ बसलेले. हनुवटी थरथरत होती. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि कानात म्हणाले, "जिंकलो, बाबा. उचलला कप. पण रडाचं नाही आता. डोळ्याले पाणी नाही लागू द्याचं."

"नाही रडून राहिलो," ते म्हणाले. माझं मनगट त्यांनी असं आवळलं की दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं. "तू ओरड, पोरी. माह्या वाटचं तू ओरड."

मी ओट्यावर गेले. चोवीस वर्षांची, लग्नाची, दोन ठिकाणी बोलणी चाललेली. त्या अंधाऱ्या आळीत उभी राहून मी बेंबीच्या देठापासून ओरडले. एकदा नाही, घसा बसेस्तोवर. मला त्या वेळी वाटलं की मी उडते आहे की काय. एवढा निव्वळ आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, आणि तो माझा एकटीचा नव्हता म्हणून जास्तच झाला. आत्या आत बसून मोकळेपणी रडत होती. तिला कुणीतरी गप करायला गेलं तर बाबा म्हणाले, "रडू द्या तिले. मनाई मले हाय, तिले नाही."

सात दिवस पुरे झाल्यावर भंडाऱ्याला पट्टी उघडली. डॉक्टरांनी विचारलं, धक्का वगैरे बसला नाही ना? आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "काहीच नाही, साहेब. एकदम आराम." डॉक्टरांनी बोटं दाखवली, बाबांनी बरोबर मोजली. डिसेंबरात दुसरा डोळा झाला आणि त्यानंतर विणलेल्या पहिल्या साडीच्या काठाचे दात व्यापाऱ्याने भिंग लावून तपासले. एकही वाकडा नव्हता.

दोन वर्षांनी भारत पुन्हा त्याच फायनलला गेला, समोर पुन्हा सिरियाच. आता घरात नवा मोठा टीव्ही होता, त्या दिवशी लाइटही होती आणि बाबांना पार कोपऱ्यातला स्कोअर वाचता येत होता. मी लेकराला कडेवर घेऊन मुद्दाम सासरहून आले होते. मॅच पेनल्टीवर गेली. पहिला खेळाडू बॉल ठेवायला पुढे आला तशी मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"बाबा, पाहा न! आता त दिसते तुमाले."

"दिसते," ते म्हणाले आणि खुर्चीच्या हातावर बोटं टेकवली. "तू सांग."